शटर समेवर : ठाण्यातल्या नृत्यछायाचित्रांच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, नौपाडा

प्रकल्पाची चौकट आज कागदावर आली. विषय एवढाच: चालतं, फिरतं, थरथरतं शरीर. काम तीन ठिकाणी: नौपाड्यातला कथकचा वर्ग, कळव्यातली लावणीची तालीम आणि गुरुपौर्णिमेपासून सुरू होणारा गोविंदांचा सराव. दहीहंडीनंतर कॅमेरा बाजूला ठेवायचा, मग निवड आणि छपाई.

एक नियम आजच ठरवून टाकला. फोटोसाठी कुणीही थांबायचं नाही. "जरा तशाच उभ्या राहा" हे वाक्य मी तोंडातून काढणार नाही. नर्तकी थांबली की हात बरोबर जागेवर असतो, मान हवी तेवढीच कललेली असते, निऱ्या नीट असतात, आणि तरी फोटोत जीव नसतो. कारण अंगाचं वजन दोन्ही पायांवर सारखं वाटलं गेलेलं असतं. नाचताना ते तसं क्वचितच असतं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर निघालेलं असतं, आणि मला तेच निघालेलं वजन हवं आहे.

दुसरा नियम संमतीचा. जिचे फोटो तिला सगळे दाखवायचे. नको असेल त्यावर तिने काट मारायची, मी कारण विचारायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी आईवडिलांची सही. हे सगळं वर्गाच्या ताईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या की. पण आधी थोडे दिवस कॅमेरा न आणता या. बसा, ऐका."

४ जून

कॅमेऱ्याशिवाय बसले. वर्ग पहिल्या मजल्यावर, खाली शहाबादी फरशी, एका भिंतीला आरसा, समोर जाळीच्या खिडक्या. माझी जागा कोपऱ्यात, तबल्याच्या काकांशेजारी.

मुली घुंगरू बांधतात ते बघत राहावंसं वाटतं. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, घोट्याच्या वर एकावर एक वेढे घट्ट देत जायचे, उरलेलं टोक आत खोचायचं आणि मग पाय एकदा फरशीवर मारून बघायचा. वेढे सैल बसले तर पाय आधी पडतो आणि घुंगरू मागून बोलतात. ताई पाठमोऱ्या असल्या तरी त्यांना ते कळतं. "सोड आणि परत बांध," एवढंच म्हणतात.

काकांनी मला हातावर ताल धरायला लावला. तीनताल, १६ मात्रा म्हणजे ठोके, चार-चारचे चार विभाग. पहिली मात्रा म्हणजे सम. टाळी १, ५ आणि १३ वर, 'खाली', म्हणजे हात उलटा, ९ वर. "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" तोंडाने म्हणायचं आणि हाताने धरायचं. फोटो काढणाऱ्यांना ताल कुणी शिकवत नाही. शिकवायला हवा, असं मला आज ठामपणे वाटलं, आणि त्यामागे साधा हिशेब आहे.

डोळ्याला काही दिसल्यापासून बोट दाबलं जाईपर्यंत माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. द्रुत, म्हणजे जलद, लयीत मिनिटाला २४० मात्रा चालल्या तर एक मात्रा पाव सेकंदाचीच. म्हणजे नर्तकी समेवर आलेली पाहिली आणि मग बटण दाबलं, तर फोटोत दुसरी मात्रा येणार. कॅमेरा कितीही महागाचा असो. सेकंदाला २० फ्रेम सोडणारा बर्स्ट लावला तरी दोन फ्रेमच्या मध्ये सेकंदाचा विसावा भाग निसटतो, आणि पायाचा आघात तेवढ्यात होऊन जातो. डोळा उशिरा पोचतो. कानाला मात्र सम कधी येणार हे आधीपासून ठाऊक असतं. म्हणून या कामात बोट कानाच्या हुकमावर चालायला हवं.

८ जून

आजचा दिवस तिहाईचा. "तिग्धा दिग दिग थेई" हा तुकडा तीनदा येतो आणि तिसरा थेई थेट समेवर पडतो. तीन पल्ले, मधलं अंतर सारखं. ऐकता ऐकता लक्षात आलं की फोटोग्राफरला याहून मोठी देणगी कुणी दिली नसेल. पहिल्या पल्ल्यात कळतं की नर्तकी कुठे उतरणार, कुठला हात वर जाणार. दुसऱ्यात फोकस आणि चौकट पक्की करायची. तिसऱ्यात शटर. क्षण येण्याआधी दोनदा तो सांगून जातो.

ताई एवढ्यावर थांबू देत नाहीत. "तिसऱ्याला मी कधी कधी तोंड फिरवते," म्हणाल्या, आणि लगेच करून दाखवलं. तिसऱ्या पल्ल्यात उलट दिशेने वळून त्या समेवर आल्या तेव्हा आरशात त्यांचा चेहरा होता आणि माझ्यासमोर पाठ. पाठीवरची वेणी अजून फिरत होती.

चक्रदारात तर अख्खा तोडा, म्हणजे नाचाचा बांधलेला तुकडा, तिहाईसकट तीन वेळा येतो. तिथे समेची वाट बघण्याचा काळ लांबतो आणि बघणाऱ्याच्याही छातीत श्वास अडकतो. मला तो श्वासही फोटोत हवा आहे. कसा आणायचा, ते बघू.

११ जून

जागेच्या उजेडाची पाहणी. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे खिडक्यांतून येणारा प्रकाश करडा आणि मऊ आहे. सकाळी दहाच्या वर्गाला खिडकीच्या बाजूने पुरेल, संध्याकाळी ट्यूबलाइट लावाव्याच लागणार.

ट्यूबलाइटचा प्रश्न निराळा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं तर एक फ्रेम उजळ, पुढची मंद, आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फोटोवर आडवे पट्टे. उपाय जुनाच: मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकण्याची पूर्ण आवर्तनं येतात. संध्याकाळचा वेग त्यामुळे आपसूक ठरला. मला तो बंधन वाटत नाही. ५० हर्ट्झच्या शहरात नाचणाऱ्या शरीराचा फोटो १/५० ने निघावा हे बरंच आहे.

पंखे बंद ठेवायचे. वाऱ्याने ओढणी हलली तर ती नाचामुळे हलली की पंख्यामुळे ते फोटोत सांगता येत नाही.

१५ जून

कॅमेरा आत आला. मुलींनी पहिली दहा मिनिटं आरशातून माझ्याकडे बघितलं, नंतर विसरल्या.

वेगाचा हिशेब वहीत लिहून नेला होता, तो उपयोगी पडला. झटक्याने फेकलेला हात सेकंदाला ५ मीटरच्या वेगाने जातो असं धरलं तर १/१००० मध्ये तो अर्धा सेंटिमीटर सरकतो, १/२५० मध्ये २ सेंटिमीटर, १/६० मध्ये ८, आणि १/१५ मध्ये ३३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर. चक्करचंही तसंच. सेकंदाला दोन फेऱ्या होत असतील तर १/२५० मध्ये शरीर जेमतेम ३ अंश फिरतं, १/३० मध्ये २४ अंश, १/८ मध्ये सरळ काटकोन. शटरचा आकडा निवडणं म्हणजे नाचातला किती काळ कागदावर उतरवायचा ते ठरवणं.

१/१००० वर घेतलेले फोटो स्पष्ट आले. अंगरख्याचा घेर गोल पसरलेला, एकेक चुणी मोजता येईल असा. पण त्यात वेग उरला नाही. मुलगी फिरते आहे की कुणी तिला हवेत टांगून ठेवलं आहे, सांगता येत नाही.

मग १/१५. इथे कथकच्या तंत्राने मला हात दिला. चक्कर घेताना नजर समोरच्या एका बिंदूवर धरलेली असते. धड वळत जातं, मान मागे राहते, आणि शेवटी एका झटक्यात फिरून पुन्हा त्याच बिंदूवर येते. म्हणजे प्रत्येक फेरीत चेहरा काही काळ जवळजवळ स्थिर असतो, बाकी सगळं फिरत असताना. त्या काळात शटर उघडलं की डोळे लख्ख आणि भोवती वस्त्राचा धूसर भोवरा. हे संगणकावर करावं लागत नाही, शरीरच करून देतं. चक्करांची मोजणी "एक, दोन, तीन" अशी मोठ्याने चाललेली असते, आणि नजर परतते ती नेमकी त्या अंकावर. मी अंकावर बोट ठेवलं.

ताईंनी संध्याकाळी फोटो बघितले. माझी नजर उजेडावर, त्यांची बोटांवर. मला आवडलेल्या एका फोटोवर त्यांनी तात्काळ काट मारली: "अंगठा बघा तिचा. बाहेर आहे." मग तिला हाक मारून फोटो दाखवला आणि तिचा अंगठा आत घेतला.

१८ जून

वाचन. फ्रान्समधल्या एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, तो सेकंदाला १२ चित्रं घेई. पुढे त्याने माणसाला काळा पोशाख घालून हातापायांवर पांढऱ्या रेघा लावल्या आणि काळ्या पार्श्वभूमीसमोर चालायला, पळायला लावलं. एकाच काचेवर पुन्हा पुन्हा प्रकाश पाडला. त्यामुळे माणूस गेला आणि नुसत्या रेघांची चाल उरली. त्याच्याच काळातला छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज मात्र प्रत्येक क्षणाचं वेगळं चित्र घ्यायचा; १८८७ मध्ये त्याने असे ७८१ तक्ते प्रसिद्ध केले.

दोघांनाही जाणून घ्यायचं होतं की शरीर कसं चालतं. नाचणाऱ्यांकडे कॅमेरा वळला तेव्हा प्रश्न बदलला. छायाचित्रकार बार्बरा मॉर्गनने १९४० मध्ये अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचा जो फोटो काढला, कमरेत वाकलेलं शरीर आणि मागे उंच उसळलेला झगा, त्यात शरीर कसं चालतं ते कळत नाही. त्या बाईच्या आत काय चाललं आहे ते कळतं. कॅमेरा उचलण्याआधी मॉर्गन तालमी बघत बसायची. छायाचित्रकार अलेक्सी ब्रोडोविचने तीसच्या दशकात रंगमंचाच्या उजेडातच मंद शटरने बॅले टिपलं. आकृत्या विरघळलेल्या, दिवे फाकलेले. आपल्याकडे छायाचित्रकार सुनील जानांनी नर्तकी शांता राव यांचे फोटो काढले, अविनाश पसरिचांनी अनेक पिढ्यांचे नर्तक टिपले. मला या साऱ्यांत एक धागा दिसतो: ज्यांना नाच आतून ठाऊक झाला, त्यांचेच फोटो टिकले.

मारेची रीत मात्र डोक्यातून जात नाही. तालाचं एक अख्खं आवर्तन, समेपासून समेपर्यंत, एका चौकटीत बसेल का?

२२ जून

बसलं.

दुपारी वर्ग रिकामा होता. खिडक्या आणि मागची भिंत काळ्या कापडाने झाकली, आरशावरही कापड. ताई स्वतः नाचायला तयार झाल्या, काळा कुडता, बाह्यांना जरीचा काठ. लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन धरून ठेवणारी धून, फोनवरच्या अॅपमधून, मिनिटाला बरोबर २४० मात्रा. २४० म्हणजे सेकंदाला ४. म्हणून फ्लॅश रिपीट मोडवर, सेकंदाला ४ वेळा, १/६४ शक्तीवर. इतक्या कमी शक्तीला एकेका चमकेचा काळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतो. अंधारात शटर उघडं असलं तरी प्रत्येक आकृती गोठूनच येते. शटर ४ सेकंद उघडं. चार सेकंदांत सोळा चमका, सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन. समेवर बटण दाबायचं काम माझ्या कानाचं.

पहिला निकाल सुंदर पण गिचमिड. ताई डावीकडून उजवीकडे साधारण ४ मीटर सरकल्या, म्हणजे दोन आकृत्यांमध्ये पाव मीटर. सोळा ताई एकमेकींत शिरलेल्या. शिवाय फरशीवर सोळा वेळा प्रकाश पडला, म्हणजे अंगापेक्षा फरशी ४ स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त उजळायला लागली. फ्लॅश बाजूला नेऊन त्याला पुठ्ठ्याच्या काळ्या झापा लावल्या, प्रकाशाची खालची कड घोट्यांपाशी आणली. घुंगरू उजळले, फरशी काळी राहिली.

मग काकांनीच सुचवलं. "सोळा कशाला? टाळ्या घ्या." फ्लॅश सेकंदाला एक केला. आता चमक पडली ती १, ५, ९ आणि १३ वर. चार विभाग, चार आकृत्या, मध्ये एकेक मीटर मोकळी काळी जागा. समेवर ताई दोन्ही पायांवर ठाम, पाचवीला उजवा हात निघालेला, नववीला, म्हणजे 'खाली'च्या मात्रेला, अंग वर उचललेलं, जवळजवळ टाचा सुटलेल्या, आणि तेरावीला पुन्हा खाली यायला लागलेलं. काका कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत हाताने टाळ्या देत गेले: टाळी, टाळी, हात उलटा, टाळी. फोटो बरोबर चालत होता. तालाची रचना अंगाच्या उंचीत दिसत होती. मी इतक्या वर्षांत काढलेल्या फोटोंत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

२९ जून, अंबरनाथ

पावसात शिवमंदिराला गेले. ठाणे जिल्ह्यातच आहे, शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं, शिलाहार राजांच्या काळातलं. बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांसारख्या स्त्रीमूर्ती, बघायच्या होत्या. पाऊस आणि वारा यांनी चेहरे झिजले आहेत, बोटं गेली आहेत. तरी कंबर आणि गुडघे शाबूत आहेत, आणि तेवढ्यावरून वजन कुठे आहे ते कळतं. एक पाय टेकलेला, दुसरा नुसता ठेवलेला, कंबर टेकलेल्या पायाकडे सरकलेली.

शिल्पकारापुढचा प्रश्न माझाच होता. नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात १०८ करणं आहेत आणि व्याख्या अशी: "हस्तपादसमायोगो नृत्यस्य करणं भवेत्". हात आणि पाय यांचा एकत्र व्यापार, म्हणजे हालचाल. चिदंबरमच्या मंदिराच्या गोपुरांत, म्हणजे उंच प्रवेशद्वारांत, ती सगळी कोरली आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात ८१ कोरून झाली आणि उरलेल्यांच्या शिळा तशाच कोऱ्या आहेत. दगडात हालचाल मावत नाही, तेव्हा तिच्यातला एकच क्षण घ्यावा लागतो. नर्तकी पद्मा सुब्रह्मण्यम यांनी अभ्यासाने आणि स्वतः नाचून हे मांडलं की करण म्हणजे स्थिर पवित्रा नव्हे, ती हालचाल आहे आणि शिल्प तिच्यातला एक टप्पा दाखवतं.

कुठला टप्पा? अंबरनाथची भिंत बघून माझं मत बनलं की शिल्पकार टोकाचा क्षण घेत नाही. तो असा क्षण घेतो, ज्यावरून आधीचं आणि नंतरचं दोन्ही ओळखता येतं. टोकाच्या क्षणाला फक्त 'आधी' असतं. माझ्या बर्स्टमधल्या ज्या फ्रेम मी बाजूला ठेवत होते, उडीच्या शिखराच्या जराशा आधीच्या, हाताच्या पूर्ण ताणाच्या जराशा नंतरच्या, त्या सगळ्या पुन्हा बघायच्या.

६ जुलै

आषाढी. वर्गाला सुट्टी. बाजूला ठेवलेल्या फ्रेम पुन्हा चाळल्या, त्यातल्या बऱ्याच वर आल्या.

१३ जुलै

वर्गाचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, शाळेच्या सभागृहात. मागे एलईडी पडदा, वरून जांभळे-निळे दिवे. असे दिवे त्वचेवर पडले की एकच रंग भरून वाहतो आणि गालांचा गोलवा जातो. एक्सपोजर दीड स्टॉप खाली ठेवलं आणि रंगीत प्रकाशातल्या रचना वगळून पांढऱ्या प्रकाशातल्या रचनांवर भर दिला.

विंगेत बसले. प्रेक्षकांना समोरून दिसतं ते मला बाजूने, आणि बाजूने बघताना कळलं की समेला दोन शेवट असतात. शरीर समेवर पोचतं, थांबतं. ओढणी अजून पोचलेली नसते. तिचं टोक अर्ध्या मात्रेने मागून येतं, खांद्याला वळसा घालतं आणि मग लोंबतं. छातीही तेव्हाच खाली बसते, कारण चक्रदारभर धरलेला श्वास त्या अर्ध्या मात्रेत सुटतो. तिथे शटर हवं. १/६० ला, समेच्या टाळीवर नव्हे, तिच्या पाठोपाठ. पाय आणि चेहरा रेखीव, कापड धूसर. दोन वेगळे काळ एकाच फोटोत आणि दोन्ही खरे. चक्रदारातला तो अडकलेला श्वास कागदावर कसा आणायचा या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं: तो सुटताना घ्यायचा.

ताईंच्या स्वतःच्या नाचात द्रुत लयीच्या शेवटी असा एक फोटो मिळाला. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आलेला, ओठ किंचित उघडे. त्या काट मारतील असं मला वाटत होतं. त्यांनी बराच वेळ बघितला आणि पुढे सरकवला.

२० जुलै, कळवा

बैठकीच्या लावणीची तालीम. बाई साठीच्या पुढच्या, आता शिकवतात. खोली लहान, ढोलकीवाले दादा भिंतीला टेकून, मी दारात.

इथे सगळं उलट. बाई बसलेल्या. पाय जवळजवळ हलत नाहीत. नाच मान, डोळे, मनगट आणि पदर यांत. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ चेहऱ्यावर निराळा उमटतो. कथकमध्ये तिहाई सांगून येते. लावणीत अदा, म्हणजे भाव दाखवायची लकब, सांगून येत नाही. ती ओळ संपता संपता, ढोलकी जराशी सैल झाली की येते. ताल मोजून भागत नाही. ओळ ऐकावी लागते, शब्दासकट.

बाईंनी पहिल्यांदाच सांगितलं, "सगळे कंबर काढतात. हात कुणी बघत नाही." मी हात बघायला बसले. पदराचा काठ करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये धरलेला, अंगठा काठावरून सरकत जातो, हिरव्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरतात आणि हात खाली येताना परत येतात. १/२० ठेवलं. चेहरा स्थिर, बांगड्यांची नुसती हिरवी रेघ. कॅमेरा बाईंच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याखाली कधीच नाही. लावणीचे फोटो खालून वर काढायची जी सवय पडली आहे, तिने या कलेचं फार नुकसान केलं आहे. प्रेक्षक मंचाच्या खाली बसतो म्हणून फोटोग्राफरनेही तिथेच बसावं असं नाही. बैठकीत समोरचा रसिक त्याच उंचीवर बसायचा, तीच उंची मला योग्य वाटते.

फोटो दाखवले. मला फार आवडलेला एक होता, दोन ओळींच्या मधला, बाई खिडकीकडे बघत असलेल्या. त्यांनी काट मारली. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं: "ही दमलेली बाई आहे. मी बैठकीत दमत नाही, बाळा." फोटो तिथेच पुसला.

२ ऑगस्ट, लोकमान्यनगर

गोविंदांचा सराव. रात्री साडेनऊनंतर, कामावरून आलेली मुलं. नाच नव्हे हे मला मान्य आहे, पण ताल आहे. थर शिट्टीवर उठतात. एक शिट्टी, खालचे खांदे जुळतात. पुढची, वरचे गुडघे सरळ होतात. शिट्टी नसताना कुणीही हलत नाही. इथेही कान आधी.

चढणारा पाय कुठे ठेवतो ते जवळून बघितलं: आधी मांडी, मग कमरेला घट्ट बांधलेला पंचा, मग खांदा. प्रत्येक ठिकाणी पाऊल जेमतेम टेकतं. खालचा माणूस डोळे मिटून असतो, गाल पुढच्याच्या पाठीला लावलेला.

ट्रायपॉड, १/४, हॅलोजनचा उजेड. लांबून दिसणारा मनोरा निश्चल वाटतो. १/४ ने वेगळंच दाखवलं. तळाचे पाय रेखीव, तिसऱ्या थरापासून कडा मऊ व्हायला लागतात आणि सर्वांत वरचा गडी जवळजवळ विरघळलेला. खालची थरथर वर जाताना वाढत जाते. अख्खं पथक थरथरतं आहे आणि त्या थरथरीवर तोललेलं आहे, हे नुसत्या डोळ्यांनी दिसलं नव्हतं. हा फोटो १/१००० ने काढला असता तर ती नुसती रचना झाली असती.

१६ ऑगस्ट

दहीहंडी. दिवसभर पाऊस. ठाण्यात २०१२ मध्ये जय जवान पथकाने ९ थर, ४३.७९ फूट, लावून विक्रम केला होता. आज वर्तकनगरला कोकण नगर पथकाने १० लावले. मी मोठ्या हंड्यांकडे गेले नाही, सरावातल्याच पथकाबरोबर गल्लोगल्ली फिरले. कॅमेऱ्याला पावसाचं आवरण, एकच ३५ मिमी लेन्स.

ओलं अंग निसटतं, म्हणून पकड सरावापेक्षा घट्ट, बोटं मांसात रुतलेली. उतरतानाचे फोटो चढतानापेक्षा सरस आले. चढताना सगळ्यांची नजर वर असते. उतरताना प्रत्येक जण खालच्याचा खांदा पायाने शोधतो आणि अख्ख्या शरीराचं लक्ष त्या एका तळपायात येतं.

२४ ऑगस्ट

निवड. ताई, काका आणि मी, वर्गाच्या फरशीवर छोट्या प्रिंट पसरून.

ताईंचा आग्रह समेवरच्या फोटोंचा. रेषा शुद्ध, हस्तक, म्हणजे हातांची ठेवण, पूर्ण, शिष्यांना दाखवण्यासारखे. माझा आग्रह समेनंतरच्या अर्ध्या मात्रेचा. बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, वर्षानुवर्षं रियाज करून मिळवलेली रेषा धूसर का करायची? त्यात दम आहे, म्हणून ज्या ज्या नर्तकीचा मंद शटरचा फोटो लागेल, तिच्याशेजारी तिची समेवरची रेषाही लागेल, त्याच आकाराची. टाळ्यांच्या चार आकृत्यांचा फोटो मात्र एकटा आणि सर्वांत मोठा, यावर तिघांचं एकमत.

कागद सुती, चमक नसलेला. काळ्या भागात शाई जास्त बसते म्हणून तो फोटो आधी छपाईची चाचणी-पट्टी काढून तपासायचा: घुंगरांची पितळी चमक टिकली पाहिजे आणि मागचं कापड अजिबात दिसता कामा नये. गणपतीच्या आधी छपाईला द्यायचं. बाईंना त्यांच्या हातांच्या दोन प्रिंट कळव्याला नेऊन देणं, पथकाच्या मुलांना उतरतानाच्या प्रिंट.

सप्टेंबरपासून वाशीतला भरतनाट्यमचा वर्ग. आदिताल ८ अक्षरांचा, म्हणजे मात्रांचा: एक टाळी आणि तीन बोटं, मग टाळी-विसर्जन (हात उलटा), टाळी-विसर्जन. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर आणि बैठक खाली, त्यामुळे वजनाचा हिशेब कथकपेक्षा पूर्ण वेगळा असणार. तिथल्या गुरूंनी नट्टुवांगमच्या, म्हणजे नाचाला ताल देणाऱ्या साथीच्या, झांजांशेजारी बसायची परवानगी दिली आहे.